गोदावरीच्या वाळूतला भोंगा

परवा लातुरात युद्धसरावाचा भोंगा वाजला आणि मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. लातूर जिल्हाही झाला नव्हता, तेव्हाची नांदेडची एक दुपार आठवली.

एकाहत्तरची लढाई चालू होती. मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात मी नवी शिक्षिका होते. पावसानं दगा दिल्यानं विहीर आटली होती, म्हणून मुलांना घेऊन आम्ही गोदावरीच्या वाळूतल्या झऱ्यावर पाणी भरायला जायचो. त्या दुपारी मुलं वाळूत लांबवर पांगली आणि शहरात भोंगा सुरू झाला. सराव की खरंच विमान, कळायला मार्ग नव्हता. मुलं आपली पाठमोरी खेळत होती.

"बाई, लेकरांना कुठलं ऐकू येतंय? पळा," स्वयंपाकीण सरूबाई म्हणाली. "मी वरच्या अंगाला जाते."

मी धावत जाऊन आठ-नऊ वर्षांच्या सुमनच्या खांद्याला हात लावला, दरडीकडे बोट दाखवलं. ती तशीच पुढच्या मुलाकडे पळाली, तो त्याच्या पुढच्याकडे. बघता बघता सगळी दरडीखाली गोळा झाली.

मी त्यांच्यावर वाकून बसले. सुमननं माझ्या छातीवर तळहात ठेवला. धडधड तिला कळली असावी. तिनं आभाळाकडे पाहिलं, 'काही नाही' अशी मान हलवली आणि मला थोपटायला लागली.

विमान आलं नाही. आम्ही घागरी भरून परतलो.

तेव्हा मला माझ्या भित्रेपणाची लाज वाटली होती. आता तो छोटा तळहातच आठवतो. त्याच आठवड्यात नोकरी सोडून निलंग्याला, माहेरी जायचं मी ठरवलं होतं. गेले नाही.