विटकरी भिंत

आईचा आवाज विटकरी आहे, असं धाकटा म्हणायचा. ताई म्हणायची, छट्! तो जाड सुती चादरीसारखा आहे. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या, फक्त काठाशी खरखरीत. धाकट्याला आवाज दिसायचे, ताईला ते बोटांच्या टोकांना लागायचे. लहानपणी दोघांनाही वाटे की सगळ्यांचं आपल्यासारखंच असतं, म्हणजे समोरचा खोटारडा. मग झोंबाझोंबी. आई इस्त्री उभी करून ठेवायची आणि दोघांच्या पाठीत एकेक रट्टा घालायची.

"आवाजाला रंग म्हणे! डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?"

त्या ओरडण्यातही धाकटा डोळे मिटून विटकरी बघत बसायचा.

पुढे तो रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग मिसळून देऊ लागला, ताई पडदे शिवू लागली. एक बरं स्थळ ताईनं परत पाठवलं, कारण त्या माणसाचा आवाज हाताला ओल्या पोतेऱ्यासारखा लागला होता. हे कारण आईला सांगायची सोय नव्हती. धाकट्याचंही जमलं नाही. तिघं दोन खोल्यांत राहत राहिली.

मग आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल.

मोबाइलवर आवाज भरून ठेवून उपयोग नव्हता. त्यातून आलेली आई धाकट्याला राखाडी दिसे, ताईच्या बोटांना नुसतं प्लास्टिक लागे. ताईला एवढंच हवं होतं, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईनं तिला एकदा नेहमीसारखी हाक मारावी. स्वयंपाकघरातून, जरा वैतागून.

त्या दिवशी संध्याकाळी शिवण आवरून ती घरी आली तेव्हा आईच्या खोलीभर डबे उघडे पडले होते. धाकट्यानं रजा टाकली होती. सकाळपासून तो आईला बोलायला लावत होता आणि रंग जुळवत होता.

"बोल ना आई, थांबू नकोस. जरासा पिवळा कमी पडतोय."

"काय बोलू आता? संपलं सगळं बोलून," असं आई म्हणाली, तेव्हा त्यानं तिच्या हातात दुकानातलं शेडकार्ड दिलं होतं. आईनं ते वाचलं. ओली माती, जुनं तांबं, फिका तपकिरी, गडद तपकिरी. मग पुन्हा पहिल्यापासून.

ताई तिच्याजवळ बसली. "आई, मला हाक मार ना एकदा."

आईचे ओठ हलले. नुसता वारा आला. ताईच्या बोटांना काहीच लागलं नाही.

"काय केलंस रे हे? उद्यापर्यंत होता तिच्याकडे तो!"

"जुळला ताई!" धाकट्यानं डब्याचं झाकण तिच्यापुढे धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. "बघ, तंतोतंत. वाचवला मी आपल्या दोघांसाठी."

"माझ्यासाठी हा रंगाचा डबा आहे नुसता."

ऑपरेशननंतर आई घरी आली ती विटकरी भिंतीच्या खोलीत. धाकटा कामावरून आला की चहाचा कप घेऊन भिंतीसमोर बसे. आई बोलत होती तेव्हा इतका कान देऊन तो कधी बसला नव्हता. त्याच्या पाठीमागे, खाटेवरून, आई पाणी मागायला पेल्यावर चमचा आपटे. दोनदोनदा आपटूनही त्याला ऐकू जात नसे.

आईनं पाटीवर लिहिलं, 'हा घाणेरडा रंग कोणी लावला? अंधारून येतं.'

"अगं, तुझाच आवाज आहे तो," धाकटा हसून म्हणाला.

आईनं पाटी पुसली. 'माझा आवाज नरड्यात होता. पांढरा लाव.'

"होईल सवय," म्हणून त्यानं पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी आईनं तीच पाटी ताईपुढे धरली. ताईनं पांढरा डबा मुद्दाम दुसऱ्या दुकानातून आणला. धाकटा कामावर गेल्यावर आईची खाट स्वयंपाकघरात ओढली आणि पदर खोचून रोलर फिरवायला घेतला. रंगाच्या एका हातानं विटकरी झाकेना, गुलाबीसर होऊन डोकावत राहिला. तिनं दुसरा हात मारला. तो वाळल्यावर तिसरा. यातलं आईसाठी किती आणि त्या संध्याकाळसाठी किती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

धाकटा आला तोवर खाट जागेवर गेली होती आणि आई उशीला टेकून, बऱ्याच दिवसांनी निवांत दिसत होती. तो दारातच थांबला. भिंतीकडे बघत राहिला.

"गेली," तो म्हणाला. "आई गेली."

खाटेवरच्या आईनं पेल्यावर चमचा आपटला. तिला चहा हवा होता. धाकटा वळला नाही. ताई वळली. तो आवाज तिच्या बोटांत टाचण्यांसारखा घुसला, बारीक आणि गार. पातेलं गॅसवर ठेवताना तिनं पांढरे डाग पडलेली बोटं पदराला पुसली. मागून पेला पुन्हा वाजला.

"आले गं," ती म्हणाली.