डाव्या हाताची पटाशी

बोरी अरबच्या बाजारात तो धारवाला आपल्या दगडापुढे मान खाली घालून बसायचा. बाबा गेल्यापासून कुलपात असलेली त्यांची लाकूड कोरायची हत्यारं मी त्याच्याकडे नेली. प्रत्येक पटाशीची धार त्याने नखावर टेकवून पाहिली. एक गोल पटाशी मात्र हुंगून परत दिली.

“हिले धार कायले लावू? कालच सागावर चालली. डावखुरा मानूस हाय.”

“बाबा डावखुरे होते,” मी म्हणालो. “पन ते पोळ्यालेच वारले.”

तो दचकला नाही. “मंग काम बाकी असन त्याईचं,” म्हणत त्याने पुढची पटाशी उचलली.

घरी मी एकटाच राहतो. बाबांनी अर्धवट सोडलेल्या चौकटीवरचं कापड मी काढलं. तीवरच्या मोराचा डोळा तेवढा कोरायचा राहिला होता. आता तो माझ्याकडे पाहत होता.