खालच्या गावाला पोरगी

तलावात गाळ साचतो तसे ओव्हरसियरच्या पोटात किस्से साचतात, आणि उपसायला कोणी येत नाही. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट, हुकूम नागपूरहून यायचे. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही एक लहानसा मातीचा तलाव बांधला. हे किस्से त्याच्या पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे.

*

पाळीच्या पोटात काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडून दगड. मातीचा थर टाकायचा, भिजवायचा, धुमसायचा, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा. भिजवायला पखाल घेऊन रहीमचाचा, धुमसून घ्यायला मुकादम किसनराव. पाणी जरा जास्त पडलं की किसनराव म्हणत, "चाचा, पाळ बांधून राह्यलो आपण, वांग्याचा वाफा नाही."

"मंग मातीले तहानलेली ठेवू काय बे?"

दिवसभर हे चालायचं. भाकर मात्र दोघांची एकाच फडक्यात.

*

पाळ उभी राहिली आणि खालच्या गावातली लग्नं थांबली! उद्या पाळ फुटली तर लेक वाहून जाईल, म्हणून कोणी मुलगी देईना. एक पाहुणे मुलगा बघायला आले ते आधी पाळीवर चढले. काठीनं माती टोचून पाहिली, जादा पाणी काढून देणारा सांडवा किती रुंद ते विचारलं, आणि तिथूनच परत गेले. मुलगा बिचारा नवा सदरा घालून ओट्यावर बसून होता.

*

मग तपासणीला मोठे साहेब आले. पायथ्याशी वाकून झिरप पाहिली आणि शेरा दिला: सुरक्षित, दर्जा पहिला. मी हुरळून खालच्या गावात सांगायला गेलो.

पाटलांनी शांतपणे विचारलं, "साह्यबानं आपली पोरगी देल्ली काय या गावात?"

मी चहा पिऊन परत आलो.

*

शेवटी त्या नव्या सदऱ्याच्या मुलाचे वडीलच किसनरावांकडे आले. "मुकादम, पाळ तुम्ही धुमसली. पक्की हाय म्हणता, तं तुमची सगुणा आमाले द्या."

सगुणा एकुलती एक. किसनराव उठून पाळीवर गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालले. परत येऊन म्हणाले, "साखरपुडा कवा करता?"

सगुणाच्या आईनं रागानं बरेच दिवस त्यांना भाकर बांधून दिली नाही. मांडवात सडा रहीमचाचांनी मारला, आणि किसनराव त्या दिवशी "पाणी जास्त झालं" म्हणाले नाहीत. पुढं त्या गावात सुना येऊ लागल्या.

*

सगुणाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, सांडवा वाहू लागला. मी सकाळीच धावत गेलो. किसनराव घोंगडी पांघरून पाळीवर बसले होते, पाण्याकडे पाठ करून.

"किसनराव, पाणी इकडं आहे. पाळ बघायला बसलात ना?"

"पाळीले काय होते, साहेब." त्यांची नजर खालच्या गावावरून हलली नाही. "सगुणाच्या घरचा धूर काऊन नाही निघाला अजून, ते पाहून राह्यलो."