दुप्पट खारं

काशीदच्या रिसॉर्टात माझ्या पीएचडीच्या सरांनी माझ्या तळहातावर मीठ ओतलं. लॅबची वार्षिक सहल. जेवणाचं टेबल, चौदा माणसं, ताटात सुरमई.

"चाखून सांग बघू, किती खारं. मिठागराचं रक्त आहे ना तुझं?"

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

आम्ही आगरी. खाडीलगत बाबांचं मिठागर. खाऱ्या पाण्यात बाबांचे पाय चिरत गेले, म्हणून मी शिकले. त्याची लाज मला कधी वाटली नाही. सरांनी मीठ ओतलं त्याचं कारण वेगळंच होतं.

आमची लॅब पेशींवर काम करते. पेशीभोवती पातळ पडदा असतो, त्यात प्रथिनं असतात, बाहेरचा निरोप ती आत पोचवतात. सरांचं नवं औषध दिलं की त्यातलं एक प्रथिन जोरात निरोप धाडतं, असा त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याचा निकाल. पेपर तयार. पेशी मी वाढवलेल्या, म्हणून माझंही नाव त्यात. औषध आजाऱ्यांना देऊन बघायची बोलणीही सुरू झालेली.

आदल्या आठवड्यात त्या औषधाच्या बाटलीच्या तोंडाशी मला मिठाची पांढरी खपली दिसली. शेजारच्या बाटल्यांना नव्हती. दुसऱ्या कुणी पुसून टाकली असती. पण बाबा मिठागरात काठावरची खपली बघूनच पाणी किती दाट झालं ते सांगतात. "बाय, पानी खोटा बोलत न्हाय," म्हणतात. मी यंत्रावर मोजलं. औषध ज्या द्रावणात विरघळवलं होतं, ते दुप्पट खारं. पाणी घालताना कुणीतरी निम्म्यावरच हात आखडला होता. पेशी मिठाने आक्रसत होत्या, निरोप त्यामुळेच सुटत होता आणि आम्ही औषधाचे गोडवे गात होतो. बरोबर द्रावण करून मी तीनदा प्रयोग केला, आकडे लॅबच्या वहीत उतरवले. औषध घाला नाहीतर नका घालू, प्रथिन ढिम्म.

हे मी सरांना सांगितलं. त्याचं उत्तर काशीदला मिळालं.

जेवणानंतर त्यांनी मला सुरूच्या झाडांखाली नेलं. आवाज एकदम मऊ. त्या मऊपणाचीच मला भीती वाटली.

"वहीतली ती पानं फाडून टाक. प्रबंधावर सही माझीच लागते. पुढे कुठेही नोकरीला गेलीस तरी विचारायला फोन मलाच येणार."

"आणि औषधाचं काय, सर?"

"ते मोठ्यांचं काम. तुम्हा लोकांना इथवर आणलं, तेच पुष्कळ झालं."

तुम्हा लोकांना. आणलं. अहो, कुणी आणलं? प्रवेशपरीक्षेत पहिली आले होते मी. आत काहीतरी तटकन तुटलं. बोलले.

"पानं फाडणार नाही. पेपरवरून माझं नाव काढा."

सर फक्त हसले.

सोमवारी वहीची सगळी पानं मी संस्थेच्या चौकशी समितीला पाठवली. मंगळवारी माझ्याकडून लॅबची चावी काढून घेतली. बुधवारी कळलं, माझ्या सगळ्या पेशी सिंकमध्ये ओतून दिल्यात. ज्यांच्याबरोबर चार वर्षं डबा खाल्ला, ते आता जिन्यात मान खाली घालून जातात. बाबांनी गावभर सांगून ठेवलंय, आमची बाय डॉक्टर होणार.

परवा समितीपुढे बोलावलंय. सर समोर बसणार आहेत. त्यांच्या तोंडावर मी एकेक आकडा वाचणार. सही गेली तर जाऊ दे, डॉक्टर न होता घरी जाईन. पण ज्या कागदाच्या जोरावर आजाऱ्याच्या नसेत खोटं औषध सोडलं जाईल, त्यावर माझं नाव राहणार नाही.