सिकंदराबादचा पास

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून चंद्रप्पा वरच्या खोलीत आले, की पहिलं काम रेकॉर्ड धुण्याचं. पंच्याऐंशीच्या दुष्काळात लातूरची धूळ बंद कपाटातही शिरे, आणि धूळभरल्या रेकॉर्डवर सुई ठेवायची म्हणजे तिचं वाटोळंच. अर्धा तांब्या पाणी, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि दारात बायको गुरम्मा उभी.

“गल्लीत दोन दिसाआड टँकर यायलाय, आन् तुमी तव्यांला आंघोळ घालायलाव!”

तिचं खरंच होतं. धुऊन उरलेलं पाणी ती परातीत धरायची आणि त्यानंच जिना पुसायची.

गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक घागरीवर बोटाचं पेर मारून आवाज बघतं. चंद्रप्पांना पाठमोरं बसूनही कळे, की कुठल्या घागरीला सांध्यात चीर आहे. कान तेवढा पक्का. पण त्या वर्षी घागरी घेतंय कोण? खपत होती ती पाणी साठवायची प्लॅस्टिकची टिपं. टिपावर कितीही वाजवा, नुसतं ढब्ब. लोकांचे घसे कोरडे आणि आपलं दुकान जोरात, याची त्यांना शिसारी येई. शिसारी येऊनही सोमवारी ते आणखी टिपं मागवत, तेव्हा स्वतःची जरा जास्तच येई.

त्यावर उतारा एकच, ही वरची खोली. लातुरात जाझ ऐकायला जमणारी माणसं चार: चंद्रप्पा, एक दातांचे डॉक्टर, इंग्रजीचे निवृत्त मास्तर, आणि नांदेडजवळच्या मुदखेडहून येणारा रामकिशन, रेल्वेतला गार्ड. महिन्याच्या पहिल्या रविवारी बसायचं. प्रत्येकानं एक आवडती रेकॉर्ड लावायची, आणि कधी कुणाला समोर बसून ऐकलं असेल तर ते सांगायचं. सांगण्यासारखं कुणाकडे फार नव्हतं. डॉक्टरांनी मुंबईच्या एका हॉटेलात बँड ऐकला होता, पण तेव्हा ते जेवत होते आणि त्यांना मटणच जास्त आठवे. मास्तरांनी रेडिओ सोडून काही ऐकलंच नव्हतं. मग सगळे चंद्रप्पांकडे वळत आणि रामकिशन म्हणे, “सांग आता. सिकंदराबादचं सांग.”

ती गोष्ट अशी. १९५९ साली चंद्रप्पा आणि रामकिशन हैदराबादला शिकायला होते, एकाच खोलीत राहत होते. मोझेस टॅनर नावाचा अमेरिकन ट्रंपेटवाला सिकंदराबादच्या एका क्लबात एकच दिवस वाजवणार होता. रामकिशननं रेल्वेतल्या मामाच्या हातापाया पडून एक पास मिळवला, आणि नेमका त्याच दिवशी तापानं फणफणला. त्यानं पास चंद्रप्पांच्या हातात कोंबला. “तू जा. येऊन समदं सांग, कायबी गाळू नको.” चंद्रप्पा गेले. परत येऊन त्यांनी सांगितलं, की टॅनरनं वाजवता वाजवता थांबून एका वेटरच्या खांद्यावरचा टॉवेल मागितला, घाम पुसला, तोच टॉवेल वेटरच्या डोक्याला पटक्यासारखा बांधला, आणि मग एक धून फक्त त्याच्यासाठी वाजवली. वेटर रडला. रामकिशन तापातच हसला, मग तोही रडला.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

पास होता, पण चंद्रप्पांच्या पायात चपला होत्या. रामकिशनचे बूट त्यांना बोटभर लहान पडत. दारावरच्या माणसानं त्यांच्या पायांकडे बघून नाक मुरडलं, आणि बुटांशिवाय आत सोडत नाही म्हणाला. चंद्रप्पा मागच्या बाजूला, सायकली लावतात तिथं जाऊन उभे राहिले. शेजारी मुदपाकखान्याचं दार. मासळीचं नि कोंबडीचं खरकटं भिंतीशी फेकलेलं. जन्मात अंड्यालाही न शिवलेल्या त्या लिंगायतानं नाकाला रुमाल लावला. एकदा आतल्या भांडी घासणाऱ्या बाईनं, उकडतंय म्हणून, दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं. तेवढ्यात ट्रंपेट ऐकू आलं. चार मिनिटं, जास्त नाही. शेवटी टॅनरनं एक सूर धरला तो सोडेचना, आणि बाईचा पातेल्यावरचा हात थांबला. सूर त्या रिकाम्या पातेल्यात घुमून बाहेर येत होता. मग आतून कुणीतरी खेकसलं आणि दार बंद झालं.

हे रामकिशनला कसं सांगायचं? त्याचा पास वाया गेला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून टॉवेल. पुढं सव्वीस वर्षं टॉवेलच. पातेल्यात घुमलेला तो सूर मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नाही, गुरम्मालाही नाही. तेवढं एक न बाटलेलं राहिलं होतं, आणि ते तसंच राहावं एवढीच त्यांची इच्छा होती.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली तरी लातुरात साहेब उगवतच होते. त्यातले बिराजदार साहेब एका रविवारी जिना चढून वर आले. त्यांचं खातं नेमकं कोणतं हे शेवटपर्यंत कुणाला धड कळलं नाही, पण खात्याला जीप होती आणि जीपमधून पाण्याचे दोन कॅन येत. गार पाणी. पहिल्याच दिवशी मास्तरांनी उठून साहेबांना लोडाशी जागा दिली. डॉक्टर त्यांच्या प्रत्येक वाक्याला दात दाखवू लागले. पेलाभर पाण्यासाठी शिकलीसवरली माणसं इतकी लाळ घोटतात, हे बघून चंद्रप्पांना किळस आली. पाणी तेही प्यायले.

तिसऱ्या बैठकीला साहेब म्हणाले, “नांदेडला चार वर्षं काढली, रेल्वेनं सारखं जाणं-येणं, पण टॅनरविषयी बोलायला दर्दी माणूस विरळा. मी त्याला प्रत्यक्ष ऐकलंय हो. सिकंदराबादला, एकोणसाठ साली. पुढच्या रांगेत होतो. मध्येच त्यानं एका वेटरच्या खांद्यावरचा टॉवेल मागितला...”

चंद्रप्पांच्या हातातला पेला तसाच राहिला. साहेबांनी घाम पुसला, पटका बांधला, वेटर रडवला. वर पदरची भर घातली, की वेटर नंतर साहेबांच्याच गळ्यात पडला.

गार्डाच्या डब्यातून, फलाटांवरून, रामकिशननं ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल याला गणतीच नव्हती. तिथूनच ती उचललेली. चंद्रप्पांना आधी हसू येणार होतं, पण मग नुसती घाणच वाटली. आपलंच उष्टं ताट कुणीतरी चाटूनपुसून परत आपल्यापुढं मांडावं, तशी. पण बोलणार काय? साहेबांना खोटं पाडायचं तर आधी स्वतः खोटं पडायला हवं.

“साहेब, आमचा चंद्रप्पाबी तिथंच व्हता की!” रामकिशन टाळी वाजवून ओरडला.

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते सावरून म्हणाले, “अरे वा! मग तुम्हाला आठवत असेल. पिवळा टॉवेल.”

सगळे बघत होते.

“हाव,” चंद्रप्पा म्हणाले. “पिवळाच.”

संध्याकाळी रामकिशनला नांदेडच्या एस.टी.त बसवायला ते स्टँडवर गेले. रामकिशनला आनंद मावत नव्हता. “लोक म्हनायचे, गार्डसाहेब थापा मारायलेत. आता आत बसलेले दोन झाले, दोन!”

चंद्रप्पांना ते ऐकवेना. “मी आत न्हवतोच, रामकिशन,” ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं. चपला, दारावरचा माणूस, सायकली, टॉवेल आपणच रचला ते. सूर तेवढा तोंडाशी येऊन राहिला.

रामकिशन कितीतरी वेळ चंद्रप्पांच्या पायांकडे बघत होता. “आन् माझा पास?”

“खिशातच राह्यला.”

“टॉवेलाचं तुला कुनी सांगितलं मग?”

“कुनी न्हाई. मीच रचलं.”

“तू रचलं, आन् साहेबांनी डोळ्यानं पाह्यलं? मला येडा समजतूस का? आत बसलेलं कुनीतरी बाहीर येऊन बोललं आसंल, ते तू उचललंस. साहेब खरे हायत. तू चोर हाईस.”

गाडीत तो खिडकीशी बसला, पण बाहेर बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात रामकिशन येणार नाही असंच चंद्रप्पांना वाटलं होतं. तो आला, आणि साहेबांच्या शेजारी बसला. साहेबांनी कुणी एक नवे अधिकारी आणले होते, त्यांना टॉवेलाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. डॉक्टर म्हणाले, “आमचे चंद्रप्पाही होते बरं का तिथं.”

“ते आत न्हवते,” रामकिशन म्हणाला. सव्वीस वर्षांत त्यानं चंद्रप्पांना ‘ते’ म्हटलं नव्हतं. “चपला घालून गेलते, हाकलून देलं. सायकलीपाशी हुबे व्हते.”

खोलीत हशा पिकला. मास्तरांची नजर दाराशी काढलेल्या चपलांकडे गेली. साहेबांनी नाक किंचित मुरडलं, अगदी त्या दारावरच्या माणसासारखं. मग मोठ्या मनानं स्वतःच्या हातानं गार पाण्याचा पेला भरून चंद्रप्पांपुढं केला. “असू द्या हो. बाहेरून तरी काही ऐकू आलं का?”

रामकिशननं पहिल्यांदाच वर बघितलं. पास त्याचा होता; खरं तर त्या चार मिनिटांवर हक्कही त्याचाच होता. तो सूर चंद्रप्पांच्या कानात जसाच्या तसा होता. पण इथं सांगितला असता, तर महिन्याभरात तो साहेबांच्या तोंडी गेला असता, पातेल्यासकट.

“न्हाई साहेब,” चंद्रप्पा म्हणाले. “खरकट्याचा वास लई व्हता. मी थांबलोच न्हाई.”

रामकिशननं मान खाली घातली. चंद्रप्पांनी पेला तोंडाला न लावता त्यातलं पाणी फडक्यावर ओतलं आणि ते पुढची रेकॉर्ड पुसायला लागले.