आधी आमची बाजरी

वडील पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात शिक्षक होते. तिथं त्यांनी घेतलेली तीन एकर जमीन त्यांच्यामागे माझ्याकडे आली. मी नगरला शाळेत शिकवते, शेतातलं मला काही कळत नाही. शेत वाट्यानं करतात ते शेजारच्या वावरातल्या मावशी आणि त्यांचे मालक. दसरा झाला की ती दोघं ऊसतोडीला जातात.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मावशी नगरला येतात. पिशवीत घटासाठी शेतातली माती आणि नवी बाजरी. त्या बाजरीची भाकरी देवीला दाखवायची आणि मगच घरात नवं धान्य खायचं, ही आईची रीत मी पाळत आले.

तीन वर्षांपूर्वी घटाच्या पाच दिवस आधी त्यांचा फोन आला. "बाई, दोन्ही वावरं एकदमच आलीत. आभाळ भरून येतंय. आधी आमचं अर्धा एकर सोंगून घेते, मग तुमचं."

त्या वर्षी माझे दीर-जाऊ, नणंद, सगळे जमणार होते. मी म्हणाले, "मावशी, घट तोंडावर आलेत. आधी आपली काढा ना."

'आपली' म्हणाले मी.

मग त्या म्हणाल्या, "बरं. तुमची काढू."

दोन दिवसांनी पाऊस लागला तो थांबेचना. खिडकीत उभी राहून मी मनात म्हटलं, बरं झालं, आपली बाजरी निघाली एकदाची. घटाच्या आदल्या दिवशी मावशी भिजत आल्या. पिशवी मात्र प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली, कोरडी. चहा गाळता गाळता, पाठमोरीच, मी विचारलं, "तुमची निघाली का?"

"निघंल," त्या म्हणाल्या. मी पुढं काही विचारलं नाही.

घट बसले. भाकरीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी हात जोडून देवीचे आभार मानले.

सहाव्या माळेला ऊन पडलं, म्हणून शेत बघायला गेले. मावशींच्या वावरात ताटं चिखलात आडवी झाली होती. कणसांवर दाण्यादाण्याला हिरवे कोंब फुटले होते. घरी परडीतले असेच कोंब सकाळी मी जाऊबाईंना हौसेनं दाखवले होते. मावशी ताडपत्रीवर बसून त्यातली बरी कणसं निवडत होत्या.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? पाऊस काय तुमी आनला व्हय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "माणसाला न्हाई, तर जनावराला व्हईल."

"माझ्या वाट्याची बाजरी ठेवून घ्या, मावशी."

"ऱ्हाऊ द्या. देवाला दावलेलं धान्य हाय. आमी तर चाललोच कारखान्यावर."

मी आग्रह केला नाही. खरं तर आग्रह करायला हवा होता. पण मग त्या फोनबद्दल बोलावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. अर्धा तास त्यांच्याबरोबर कणसं निवडली. हात खाजायला लागले तशी जीप चुकेल म्हणून उठले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात मी आपण होऊन फोन केला. "मावशी, यंदा आधी तुमची काढा. घटाला जुनं धान्य चालेल."

त्या हसल्या. "आमी औंदा बाजरी पेरलीच न्हाई, बाई. कापूस लावलाय."

त्या वर्षीही माती आणि आमची बाजरी घेऊन त्या आल्या. मी लगेच दळून आणली, भाकरी थापली आणि देवीच्या आधी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी हात मागे घेतला. "आधी देवाला दावा की."

"खा तुम्ही," मी म्हणाले. त्यापुढचं, फोनवर मी काय बोलले होते ते, तोंडाशी आलं होतं. त्या खाली मान घालून भाकरी मोडत होत्या. मी नुसतं ताटात तूप वाढलं.