गार्डाच्या डब्याचं दार

अप्पांना शेवटचं तीर्थ पाजायची वेळ आली तेव्हा माझ्या उजव्या हाताला रेल्वेचा डबा चिकटलेला होता.

डबा वीतभरच होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी डोळ्यांसमोर आणाल. पण वीतभर झाला म्हणून काय झालं? हात उजवा होता, आणि तीर्थ डाव्या हातानं पाजत नाहीत! समोर बाप शेवटच्या घटका मोजतोय, उशाशी आमच्या लिंगायतांचे जंगमस्वामी उभे आहेत, सगळं घर डोळ्याला पदर लावून बसलंय, आणि थोरला (आणि एकुलता एक) मुलगा हाताला डबा घेऊन दारात उभा. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

आमचे अप्पा रेल्वेत गार्ड होते. लातूरहून मुरुडमार्गे बार्शीकडं जी लहान रुळांची गाडी जायची, तिच्या शेवटच्या डब्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गार्डाची रीत अशी की आधी सगळे उतारू चढू द्यायचे, मग शिट्टी फुंकायची, हिरवं निशाण दाखवायचं, आणि गाडी हलली की दांडी धरून आपल्या डब्यात चढायचं. म्हणजे सगळ्यात शेवटी! ही सवय अप्पांच्या अंगात इतकी मुरली होती की घरात ते जेवायलाही सगळ्यांच्या शेवटी बसत. त्यांच्या लग्नाच्या पहिल्या फोटोत तर नवरदेवच नाही. सगळे वऱ्हाडी नीट उभे राहिल्याशिवाय ते आलेच नाहीत म्हणे.

पुढं ती गाडी बंद झाली, रूळ उखडले, मोठी लाईन आली. अप्पा थकले. मग लकवा झाला आणि एक अंग गेलं. बोलणंही तुटक झालं. एके दिवशी मला जवळ बोलावून ते म्हणाले, "बसू, माझा गार्डाचा डबा एकदा बघायचाय रे."

आता तो डबा आणायचा कुठून? भंगारात जाऊन त्याचे खिळेसुद्धा उरले नसतील. मग कुणीतरी सांगितलं की असल्या गाड्यांचे लहान नमुने मिळतात. तयारही मिळतात, आणि सुटे भाग आणून घरी जोडायचेही मिळतात. इथंच सगळा घोळ सुरू झाला.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, नांदेडला दिलेली. अप्पांचं करायला ती तेव्हा आमच्याकडंच येऊन राहिली होती. तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, नांदेडात तयार कपड्यांचं दुकान आहे. त्यांचा लगेच फोन.

"बसवराज, काय विचार करून राहिले तुम्ही? रेडीमेड घ्या ना! मोबाईलवर बोट ठेवलं की डबा दारात. शिवून कपडे घालते का आता कोणी?"

"दाजी," मी म्हणालो, "बापासाठी करायचं ते आपल्या हातानं करायचं."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं, मला आजही कळलेलं नाही. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या संगीताच्या, म्हणजे बायकोच्या, डोळ्यांतही आलं, पण ते वेगळ्या कारणानं. "अहो, तुम्हाला साधी मच्छरदाणी बांधता येईना," ती मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "डबा कुठून बांधताव?" पण आता शब्द गेला होता. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. माझ्या हाताला पेन आणि स्टेपलर सोडून कशाचीच ओळख नाही.

खोकं आलं. वर अगदी अप्पांच्या डब्यासारखं चित्र, आणि शेजारी तो डबा हातात धरून हसणारा एक परदेशी माणूस. तो हसत होता, तिथंच मला संशय यायला हवा होता! आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले तांदळाएवढे तुकडे आणि एक माहितीपत्रक, जे मराठीत नव्हतं, हिंदीत नव्हतं, इंग्रजीतही नव्हतं. नुसते बाण. पहिल्या दिवशी एक चाक पोह्यांत पडलं आणि अक्काच्या दाताखाली सापडलं. दुसऱ्या दिवशी छताचा तुकडा संगीतानं कचरा म्हणून टाकला, तो घंटागाडीच्या मागं पळत जाऊन परत आणला. गाडीवरचा माणूस म्हणाला, "साहेब, एवढं काय सोनं हाय का?" मी म्हणालो, "डब्याचं छत हाय." त्यानं मला पुढं काही विचारलं नाही.

शेवटी भिंती उभ्या राहिल्या. दाराचा तुकडा मात्र खोक्यात तसाच उरला. आता काम संपल्यावर जे उरतं ते जास्तीचं असतं, अशी माझी समजूत. ऑफिसातही मी तसंच करतो. मग डबा नवा कोरा दिसायला लागला म्हणून त्याला जुना करायचं ठरवलं. मुरुडच्या वाटेवरची ती पांढरी धूळ कशी आणायची? देवघरात विभूती होती! चांगली दोन्ही हातांनी फासली. डबा असा काही दिसायला लागला की संगीतानं येता-जाता त्याला नमस्कार सुरू केला.

आणि नेमकं त्या सकाळी अप्पांचं बिघडलं. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, नांदेडच्या माणसांना बोलावून घ्या. दाजी निघाले. स्वामी आले. मला वाटलं, अप्पांनी डबा न बघताच जायचं म्हणजे काय! मी माडीवर धावलो आणि छत चिकटवायला घेतलं. गोंद असा होता की थेंबभर लागला तरी जन्मभर सोडत नाही. तेवढ्यात खालून अक्काची हाक आली, "बसूऽऽ! ये लवकर! अप्पा चालले!" माझा हात दचकला, गोंद सांडला आणि डबा तळहाताला बसला. ओढला, हिसडला, दातानं धरला. छत सगळीकडनं हललं, पण हातापासून हललं नाही. तसाच खाली धावलो.

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. "हातात काय हाय?"

"डबा, स्वामी."

"कशाचा?"

"रेल्वेचा."

"आन् ठेव की मग खाली."

"ठेवता येईना, स्वामी. चिकटलाय."

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. स्वामींनी डब्यावरची विभूती निरखून पाहिली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "विभूती लावलीय म्हणल्यावर चालतंय. पाज."

मोकळ्या दोन बोटांत पळी धरून मी वाकलो. अर्धं तीर्थ तोंडात गेलं, अर्धं डब्याच्या छतावरून ओघळून अप्पांच्या कानात. कानात गार पाणी गेल्यावर अप्पांनी डोळे उघडले. नाकासमोर डबा! त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. मी हात वळवून दुसरी बाजू दाखवली. तीही त्यांनी पाहिली.

"बसू."

"आं, अप्पा?"

"ह्याला दार कुठाय?"

मी डबा पुन्हा वळवून पाहिला.

"मी चढू कुठून रे?"

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. अक्कानं हंबरडा फोडला. स्वामींनी पुढं होऊन नाकाशी बोटं धरली आणि मागं वळून म्हणाले, "घोरायलेत."

संध्याकाळी अप्पांनी पेज घेतली. डॉक्टरांना काही सांगता येईना. पण अक्काला सगळं कळलं होतं. "बसू," ती माझा हात (आता तो गरम पाण्यात भिजत होता) धरून म्हणाली, "दार न्हाई म्हणून अप्पा गेले न्हाईत. ह्या डब्याला तू हात लावशील तर याद राख."

तेवढ्यात नांदेडहून दाजी पोचले. हातात खोकं, खोक्यात तयार डबा. चकाचक रंग, खिडक्यांना काचा, आणि बोटानं उघडणारी, मिटणारी दारं! अक्का अंगणातच आडवी आली.

"आत आणू नका!"

"का बरं?"

"त्याला दार हाय!"

"दार हाय म्हणजे? दार हा काय गुन्हा झाला का?" दाजींचा आवाज चढला. "मी पैसे टाकून चांगला माल आणून राहिलो, अन् हा बसवराजचा बिनदाराचा खोका घरात पूजेला?"

"हळू बोला! अप्पांना ऐकू जाईल!"

दाजींचा डबा ज्वारीच्या कोठीत गेला. माझा, तळहाताच्या कातडीसकट निघालेला, छत तिरकं, चाकं तीनच जमिनीला टेकणारी, अप्पांच्या उशाशी टेबलावर ठेवला गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वस्तूची किंमत झाली! शेजारचे बघायला यायचे. "ह्योच का तो बिनदाराचा?" म्हणायचे. संगीता चहा करून करून थकली, पण तिचाही तोरा वाढला होता. "आमच्या ह्यांनी हातानं केलाय," असं ती सांगायची, आणि मीही खोटं कशाला बोला, मान खाली घालून ते ऐकून घ्यायचो.

उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला. अप्पा होते, पण त्याला असणं म्हणायचं का, हे मला कळेना. पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना ते ओरडायचे, मग ओरडणंही थांबलं आणि नुसतं तोंड उघडायचं. पेज उतरेना. अक्का रोज सकाळी आधी डबा बघायची आणि मग अप्पांना. दार उगवलेलं नाही याची खात्री झाली की तिच्या जिवात जीव यायचा. मला मात्र त्या डब्याकडं बघवत नव्हतं.

एका दुपारी मी त्यांचे पाय पुसत होतो. अप्पा एकदम स्पष्ट बोलले.

"बसू, दार कर."

"अप्पा, मला जमंना ते."

"तुला काय जमतंय मग?" डोळ्यांत जरा जुनी मिश्किली आली आणि लगेच गेली. "सगळे चढले रे. तुझी माय चढली. मला किती दिस फलाटावर उभा करतूस?"

मी अक्काकडं पाहिलं. मला वाटलं ती आता ओरडेल, डबा उचलून पळेल. ती तशीच बसून राहिली. मग उठली, आत गेली आणि संगीताच्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड आणून माझ्या हातात दिलं.

खोक्यातला तो उरलेला तुकडा मी शोधून काढला. भिंत कापायला घेतली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. दाजींनी (ते त्या दिवशी आलेलेच होते) पुढं होऊन डबा धरला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आत्ता भिंत फुटेल, आत्ता तुकडा मोडेल, आत्ता दार वाकडं लागेल, आणि मी म्हणेन, बघा अप्पा, नाही जमलं. आजवर कधी जमलंय? मी त्याच भरवशावर बसलो होतो.

दार बसलं. नुसतं बसलं नाही, उघडत होतं, मिटत होतं.

अप्पांनी चालत्या हाताच्या बोटानं ते एकदा उघडलं. आत पाहिलं. "बेस," म्हणाले, आणि दार उघडंच ठेवलं. संध्याकाळच्या आत गेले. अक्का त्यांचा हात धरून बसली होती. मी रडलो. असा रडलो की स्वामींना मला बाजूला घ्यावं लागलं.

माती देऊन परतताना दाजी माझ्याशेजारून चालत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काही म्हणा बसवराज, दार मात्र लई झकास बसवलं तुम्ही. रेडीमेडच्या तोंडात मारेल असं."

मी मान डोलावली. माणूस मनापासून कौतुक करत होता. जन्मभर मी हात लावला ते बिघडलं, आणि बिघडायलाच हवं होतं तेवढं एकच काम माझ्या हातून पहिल्या फटक्यात नीट झालं!